कॉफीच्या बिया आणि चमचाभर मसाला, दोन्हीला चालेल असा छोटा ग्राइंडर आहे का?

रानजाई · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात चिकमगळूरला जाऊन आलो. येताना दोन किलो भाजलेल्या बिया आणल्या, एक किलो पीबेरी (फळात दोनऐवजी एकच गोल बी असते ती) आणि एक किलो प्लांटेशन ए (अरेबिका बियांची एक प्रत). दुकानदार दळून द्यायला तयार होता, पण रोज ताजी दळून प्यायची फार इच्छा होती म्हणून अख्ख्याच आणल्या. आता त्या दळायच्या कशात, इथं अडलंय.

घरात ७५० वॅटचा मिक्सर आहे. चटणीच्या भांड्यात दोन कपांपुरत्या, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम बिया टाकल्या की निम्म्या पात्याखाली अडकतात आणि निम्म्या वर उडत राहतात. शेवटी हाताला लागतं ते अर्धं पीठ, अर्ध्या कण्या. आमच्याकडे पितळी फिल्टर आहे. त्यात ही कॉफी घातली की एखाद्या दिवशी डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरतच नाही, तर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत सगळं पाणी खाली आणि रंग चहासारखा.

दुसरी गरज स्वयंपाकाची. चार वेलदोडे, दहा मिरे, दोन चमचे जवस, उपासाच्या दिवशी वाटीभर दाण्याचं कूट. एवढ्याशासाठी मिक्सर ओढून काढायचा, भांडं लावायचं, परत धुवायचं, अगदी जिवावर येतं.

ओट्यावर फूटभर जागा आहे. बजेट साडेतीन हजारांपर्यंत. आणि एक महत्त्वाची अट: कॉफी सकाळी सहाला होते, सासूबाई सातला उठतात आणि त्यांची खोली स्वयंपाकघराला लागून आहे. म्हणून आवाज कमी हवा. दोन्ही कामं एकाच यंत्रात झाली तर उत्तम. कोण काय वापरतं, सांगा.

गुळांबा · सोमवार, रात्री १०:०५

नवीन काही घेऊ नका असं मला वाटतं. चटणीच्या भांड्यात एकदम शंभर ग्रॅम बिया घ्या, भांडं निम्मं भरलं की पातं नीट पकडतं. सलग फिरवू नका, बटण उलटं दाबून दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि मध्ये भांडं हलवा. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलं की आठवडा जातो. आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो.

रानजाई · सोमवार, रात्री १०:२०

गुळांबा, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहिलं. दोन अडचणी आल्या. चौथ्या दिवसापासून बरणी उघडल्यावर येणारा घमघमाट गेला. मग अख्ख्या बिया आणून काय मिळवलं? आणि त्या भांड्यात आदल्या दिवशी लसणाचं तिखट केलं होतं. भांडं दोनदा घासलं होतं, तरी कॉफीला लसणाचा वास आला. सगळी फेकून द्यावी लागली. शंभर ग्रॅम पीबेरी टाकून देताना खरंच वाईट वाटलं.

टिळकवाडी · मंगळवार, सकाळी ७:१०

रानजाई, मी बेळगावचा. आमच्या घरी तीन पिढ्या सकाळी कॉफीच. तुमचा प्रश्न वाचून जरा सविस्तर लिहितो, कारण यात बहुतेक लोक पैसे चुकीच्या जागी घालतात.

मिक्सर आणि बाजारात ‘कॉफी ग्राइंडर’ म्हणून मिळणारी छोटी गोल यंत्रं, ही दोन्ही एकाच जातीची. तळाशी पातं असतं, ते बिया तोडतं. बारीक किती होणार हे फक्त तुम्ही किती वेळ बटण दाबता यावर. जी बी पात्याला दहा वेळा लागली तिचं पीठ झालं, जी दोनदाच लागली तिची कणी राहिली. वॅट वाढवले म्हणून यात काही फरक पडत नाही.

दुसरी जात बर ग्राइंडरची, म्हणजे खाचांच्या दोन भागांमध्ये (‘बर’मध्ये) बिया दळणाऱ्या यंत्रांची. ही आपल्याला अजिबात नवी नाही, कारण जातं म्हणजे तेच. आठवून पाहा: वरच्या तळीच्या तोंडात मूठभर दाणे वैरायचे, ते मधून कडेकडे सरकतात आणि दोन तळ्यांमध्ये जेवढी फट, तेवढे बारीक होऊन बाहेर पडतात. बाहेर पडलेला दाणा परत भरडला जात नाही. म्हणून सगळं पीठ एकसारखं. डाळ भरडायची असली की माझी आजी मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळून वरची तळी थोडी उचलून घ्यायची. आजच्या बर ग्राइंडरमध्ये तेच काम एक चकती करते. ती फिरवली की टिकटिक करत फट कमी-जास्त होते.

तुमच्या फिल्टरचं दुखणं इथंच आहे. पिठासारखा भाग फिल्टरच्या भोकांत बसतो आणि पाणी अडतं. कण्या जास्त असल्या तर पाणी त्यांच्यामधून पळून जातं, कस उतरतच नाही. फिल्टर कॉफीला दळण हवं बारीक रव्यापेक्षा बारीक, पण पिठीसाखरेपेक्षा जाड. चिमटीत चोळलं की खरखर लागली पाहिजे. एवढी नेमकी जाडी पात्यानं रोज साधत नाही.

तेव्हा कॉफीसाठी हातानं फिरवायचा बर ग्राइंडर घ्या. वीस ग्रॅमला दोन-तीन मिनिटं लागतात आणि आवाज मिरपूड दळण्याइतकाच. सासूबाईंची झोप मोडणार नाही.

मोगरीचापट्टा · मंगळवार, सकाळी ९:३०

टिळकवाडी, जात्याचं उदाहरण फार आवडलं. पण एक शंका. आपण कॉफीत चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) घालतो, वर निम्मं दूध आणि साखर. त्यात दळण एकसारखं आहे की नाही हे कळतं का खरंच? मला वाटतं काळी कॉफी पिणाऱ्यांनी हे सगळं करावं, आपल्याला पातं पुरे.

टिळकवाडी · मंगळवार, सकाळी ९:५५

प्रश्न बरोबर आहे. चवीतला फरक दूध-साखरेत बराचसा झाकला जातो, हे मान्य. पण डिकॉक्शन उतरणं न उतरणं हा चवीच्या आधीचा प्रश्न आहे, आणि रानजाईंची तक्रार तीच आहे. सकाळी सहाला फिल्टर तुंबला तर चिकोरी त्याला काय करणार?

चिकोरीवरून आठवलं. ती बियांबरोबर ग्राइंडरमध्ये घालू नका. तयार पूड वेगळी मिळते, दळून झाल्यावर चमच्यानं मिसळा. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या विकतच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. आम्ही घरी ८५ आणि १५ ठेवतो. पीबेरीसारख्या चांगल्या बियांत याहून जास्त चिकोरी घातली तर बियांचे पैसे वाया.

सातासमुद्रा · मंगळवार, दुपारी ४:४५

न्यू जर्सीहून लिहितेय. इथं माझ्याकडे दोन ग्राइंडर आहेत आणि मी ते कधीच एकमेकांच्या कामाला लावत नाही. कॉफीला बराट्झा एन्कोर, दळण जाड-बारीक करायच्या चाळीस पायऱ्यांचा, विजेवर चालणारा बर ग्राइंडर. मसाल्याला पात्याचा छोटा क्विझिनार्ट, त्याचं स्टीलचं भांडं सुटं निघतं आणि धुता येतं.

सुटं निघणारं भांडं ही गोष्ट घेताना पहिली बघा. जुन्या पद्धतीच्या पात्याच्या ग्राइंडरमध्ये वाटी मोटरलाच घट्ट बसवलेली असते. क्रुप्सचा प्रसिद्ध गोल ग्राइंडर त्याच प्रकारचा. तो कॉफीला टिकाऊ आहे, पण त्यात लवंग दळली की धुणार कसं? पाणी मोटरमध्ये जाऊन चालत नाही. कोरडे तांदूळ फिरवायचे आणि ओल्या फडक्यानं पुसायचं, एवढंच हातात राहतं. प्लास्टिकचं झाकण तर वास सोडतच नाही. हिंग, लवंग आणि लसूण यांच्यापुढे तांदळाचाही उपयोग होत नाही, हा माझा अनुभव.

दुसरं कळकळीनं सांगते. इथून कोणाला ग्राइंडर आणायला सांगू नका. इथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. माझ्या मावसभावासाठी मी हौसेनं नेला होता, त्यानं साधी पिन बदलून लावला आणि पहिल्याच दिवशी मोटर जळली. हातानं फिरवायचा असेल तर मात्र खुशाल मागवा.

रानजाई · मंगळवार, संध्याकाळी ६:००

सातासमुद्रा, बरं झालं सांगितलंत, माझी नणंद डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येणार आहे आणि मी तिला यादीच देणार होते.

टिळकवाडी काका, हाताचा ग्राइंडर सासूबाईंच्या झोपेसाठी उत्तम. पण त्यात मिरे किंवा वेलदोडे चालतील का? आणि माझ्या उजव्या मनगटाला अधूनमधून त्रास होतो, रोज तीन मिनिटं फिरवणं जड जाईल का?

टिळकवाडी · मंगळवार, रात्री ८:१५

कॉफीच्या ग्राइंडरमध्ये मसाला नको. मिऱ्याचा वास खाचांमध्ये बसला की महिनाभर कॉफीत येत राहतो, आणि ते भाग साबणानं धुण्याजोगे नसतात. जायफळ तर मुळीच नको, ते इतकं तेलकट की खाचा भरून टाकतं. त्याला किसणीच बरी. बर साफ करायला कच्चे तांदूळही घालू नका. पात्याच्या यंत्रात ते चालतात, पण इथं ते बियांपेक्षा फार कठीण पडतात. कोरडा ब्रश पुरतो, आठवड्यातून एकदा.

मनगटाबद्दल. चिनीमातीच्या बरवाले स्वस्त मिळतात पण त्यांना जास्त वेळ आणि जोर लागतो. जाड दळणाला ते डगमगतात आणि दळण एकसारखं येत नाही. फिल्टरसारख्या बारीक दळणाला चालतात. स्टीलच्या बरवाले, टाइममोअर सी२ सारखे, पटकन दळतात आणि हाताला हलके जातात. दुकानात दोन्ही फिरवून बघायला मिळाले तर बघाच. बसून, ग्राइंडर मांडीला टेकवून फिरवलं की मनगटाऐवजी खांद्यातून जोर लागतो. जात्यावर बसायची आपली रीत तीच होती.

दगडफूल · मंगळवार, रात्री १०:३०

कॉफीतलं मला फार कळत नाही, पण मसाल्याच्या बाजूनं लिहिते. मी दरवर्षी गोडा मसाला घरी करते आणि आठवड्याच्या चटण्या छोट्या ग्राइंडरमध्ये करते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरम गरम दळणं. भाजलेलं जिन्नस ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना बंद भांड्यात वाफ धरते आणि पूड ओलसर होऊन गुठळ्या होतात. मग ती टिकतही नाही.

तीळ, दाणे, खोबरं, कारळं यांना सलग फिरवलं की तेल सुटून लगदा होतो. एक झटका, थांबा, भांडं हलवा, परत एक झटका. दाण्याच्या कुटाला असे पाच-सहा झटके पुरतात. जवसाला थोडं मीठ आणि सुकी मिरची बरोबर घातली की ते नीट बारीक होतं. दगडफूल आणि नागकेशर एकटे दळायला जाऊ नका. दगडफूल इतकं हलकं की पात्यावर नुसतं गरगरतं. धण्यांबरोबर टाका, धणे त्याला खाली ओढतात. वेलदोडा सालीसकट चमचाभर साखर घालून दळला की अगदी पीठ होतं. साल चहासाठी काढून ठेवायची असेल तर आधी सोला. दालचिनी हातानं तोडून घाला.

हळकुंड आणि सुंठीचे मोठे तुकडे छोट्या ग्राइंडरला झेपत नाहीत, पातं वाकतं. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्या. भाजणी आणि मेतकूट यांना गिरणीच हवी, आणि वर्षाच्या तिखटाला डंका. ओलं वाटण तर कोरड्या ग्राइंडरमध्ये कधीच नाही.

आणि चार वेलदोडे, दहा मिरे यांसाठी खरं तर लोखंडी किंवा पितळी खलबत्ता ओट्यावर ठेवा. एका मिनिटात होतं. कुटलेल्या वेलचीचा वास दळलेलीपेक्षा जास्त दरवळतो, माझी आई हे नेहमी म्हणायची आणि मला रोज पटतं.

मोगरीचापट्टा · मंगळवार, रात्री १०:५०

दगडफूल, धण्यांबरोबर दगडफूल ही युक्ती आजवर कोणी सांगितली नव्हती! खसखशीचं काय करता? माझ्याकडे ती पात्याखाली जाते आणि तशीच बाहेर येते.

दगडफूल · बुधवार, सकाळी ६:५०

खसखस कोरडी हवी असेल तर मंद आचेवर कुरकुरीत भाजा, गार करा आणि सुक्या खोबऱ्याच्या किसाबरोबर दळा. एकटी नाही. ग्रेव्हीसाठी हवी असेल तर तासभर कोमट पाण्यात भिजवून मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात वाटा.

कार्बनब्रश · बुधवार, सकाळी ११:२०

माझ्या बाबांचं इचलकरंजीला मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं, शाळेपासून मी तिथं बसायचे. म्हणून यंत्राच्या बाजूचं थोडं.

मिक्सरच्या तळाशी ‘३० मिनिटं’ असं रेटिंग छापलेलं असतं. लोकांना वाटतं सलग अर्धा तास चालवता येतो. तसं नाही. साधारण पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असं मिळून अर्धा तास. छोट्या पात्याच्या ग्राइंडरची मोटर दीड-दोनशे वॅटची असते, तिला अर्धं-एक मिनिट सलग फिरवलं की विश्रांती हवीच. दुकानात येणारे निम्मे छोटे ग्राइंडर जळून आलेले असायचे, आणि कारण एकच: हळकुंड किंवा खडीसाखर घालून बटण दाबून धरलेलं.

रानजाई, तुमच्या चटणीच्या भांड्याबद्दलही सांगते. कमी जिन्नस पात्याखाली अडकतं तेव्हा पातं तळापासून वर बसलेलं असतं. जुन्या भांड्यात बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजला की पातं आणखी वर येतं आणि हलतं. पातं बोटानं हळूच वरखाली करून बघा (मिक्सरवरून भांडं काढून!). हलत असेल तर बुश आणि पातं बदलून घ्या, फार खर्च नाही. झाकणाचा वायसर सैल झाला असेल तर तोही बदला, पूड उडते ती तिथूनच.

आपल्या मिक्सरचा जन्मही याच दुखण्यातून झालाय. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समधले अभियंते. घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे बंद पडला, म्हणून त्यांनी भारतीय स्वयंपाकाला पेलेल अशी मोटर बनवायचं मनावर घेतलं आणि १९६३ मध्ये सुरू केलेल्या कंपनीतून सुमीत मिक्सर आला. बाबांच्या दुकानात ऐंशीच्या दशकातले सुमीत यायचे, फक्त कार्बन ब्रश आणि कपलर बदलला की परत सुरू. त्या मोटरींबद्दल बाबा फार आदरानं बोलायचे.

वऱ्हाडी_वाट · बुधवार, दुपारी १:१५

धागा वाचताना एक सांगावंसं वाटलं. चिकमगळूरला जायला जमत नसेल तर आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते. महाराष्ट्रात कॉफीचे मळे म्हणजे तिथंच. मी मागच्या हिवाळ्यात अर्धा किलो आणली, मध्यम भाजलेली. खूप आवडली.

सातासमुद्रा · बुधवार, संध्याकाळी ५:३०

आणखी एक छोटी गोष्ट राहिली. दळताना कॉफीची साल आणि भुसा ग्राइंडरला चिकटतो, इथल्या कोरड्या हिवाळ्यात तर फारच. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून चमच्यानं हलवायचं. घर्षणानं तयार होणारी वीज कमी होते आणि पूड चिकटत नाही. २०२३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा नीट अभ्यास करून हेच दाखवलं. एकच थेंब, जास्त नको. पुण्यात पावसाळ्यात बहुधा गरजही पडणार नाही.

गुळांबा · बुधवार, रात्री ९:००

एवढं सगळं वाचून मी माझं मत बदलतेय. एकच भर घालते: ज्यांना नवीन काही घ्यायचंच नाही त्यांनी मिक्सरमध्ये दळलेली कॉफी मैद्याच्या चाळणीतून चाळून बघा. खाली पडलेलं पीठ वेगळं ठेवा आणि चाळणीत राहिलेल्या कण्या परत एक झटका देऊन घ्या. आज सकाळी केलं, डिकॉक्शन अर्ध्या तासात व्यवस्थित उतरलं. ते पीठ वाया जाऊ दिलं नाही, पातेल्यात दुधाबरोबर उकळून गाळून घेतलं.

रानजाई · पुढच्या रविवारी, सकाळी ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहिते, पुढे कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

एका यंत्रात दोन्ही कामं हा हट्ट सोडला. काल लक्ष्मी रोडजवळच्या दुकानात चिनीमातीचा आणि स्टीलचा, असे दोन हात-ग्राइंडर फिरवून बघितले. दुकानदाराने बियाही दिल्या. चिनीमातीच्या ग्राइंडरला मनगट लगेच बोललं. स्टीलचा घेतला, बजेटच्या थोडा बाहेर गेला, पण मसाल्यासाठी वेगळं काहीच घेतलं नाही. चटणीच्या भांड्याचं पातं खरंच हलत होतं. कार्बनब्रश, तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. बुश, पातं आणि वायसर बदलून आणले. दाण्याचं कूट आता पाच झटक्यांत होतं. वेलदोडे आणि मिरे सासूबाईंच्या माहेरच्या पितळी खलबत्त्यात, तो माळ्यावर पडून होता.

आज सकाळी सहाला पहिल्यांदा दळलं. मोड्यावर बसून, मांडीला टेकवून, काकांनी सांगितलं तसं. बावीस ग्रॅमला दीड मिनिट लागलं. दळण जरा जाड वाटलं म्हणून चकती दोन टिकटिक मागे घेऊन उरलेल्या बिया दळल्या. डिकॉक्शन पंचवीस मिनिटांत उतरलं, काळंभोर. सासूबाई सव्वासहालाच उठून आल्या. म्हटलं, आवाज झाला का? म्हणाल्या, “आवाज नाही गं, वास आला.”

काका, आता एवढंच सांगा: पीबेरी आणि प्लांटेशन ए मिसळून दळू की वेगवेगळ्या दळून मग मिसळू?

टिळकवाडी · रविवार, सकाळी ९:०५

मिसळूनच दळा. पीबेरी निम्मी घ्या, आणि पहिला आठवडा चिकोरी न घालता प्या.